आधी आवाज

सावद्याच्या केळी पॅकहाउसची तक्रार, चौथ्यांदा:
दुपारी पावणेतीनला दिल्लीचा आवाज फाटतो.
फाटतो म्हणजे कसा, विचारलं,
तर सुपरवायझर नारखेडे म्हणाले,
"भाव सांगतो तो, अन् अर्धाच आकडा येतो.
काल पंधराशे की पंचवीसशे, यात दोन ट्रक उभे राहिले."

जळगावात, एमआयडीसीतल्या दुसऱ्या मजल्यावर
मी सॉफ्टवेअर उघडतो.
त्याला केळं माहीत नाही, भाव माहीत नाही.
कोण कुणाशी काय बोललं ते ऐकतच नाही ते,
नुसते आवाजाचे तुकडे मोजतं:
किती निघाले, किती पोचले,
कोणता वाटेत रेंगाळला,
कोणता मागचा असून पुढे घुसला.
मग प्रत्येक कॉलला गुण, पाचपैकी,
कडक मास्तरासारखे.
साडेचारच्या वर कुणालाच दिलेले मी पाहिले नाहीत.

पावणेतीनला रेघ लाल.
एक पूर्णांक नऊ.

संशय सगळ्यांवर घेतला.
रावेर रोडला खोदणाऱ्या जेसीबीवर,
केळी पिकवायच्या खोलीतल्या कंप्रेसरवर,
आणि त्या तापलेल्या स्विचवर,
ज्याच्या अंगावर कुणीतरी पंचा वाळत घातला होता.
पंचा काढला. घडी करून ठेवला.
रेघ लालच.

शेवटी सॉफ्टवेअरनंच बोट दाखवलं:
रोज पावणेतीनला लोडिंगवरच्या बारा कॅमेऱ्यांचं चित्रण
एकदम हेड ऑफिसला निघतं,
सकाळपासूनची सगळी केळी, घडामागून घड,
आणि त्याच अरुंद वायरीत
दिल्लीवाला बिचारा "प" म्हणून अडकलेला.

रात्री वडिलांना फोनवर सांगितलं. एरवी सांगत नाही.
छत्तीस वर्षं भुसावळ यार्डात पॉइंट्समन,
उजवा कान शंटिंगलाच देऊन आलेले.
म्हणाले, "त्यात काय अवघड हाये?
मेल पयले काढ. पॅसिंजर मंग.
मालगाडी राहू दे लूपवर उभी.
कोळशाले कशाची घाई?"

सकाळी तोच नियम टाकला.
आधी आवाज.
मग चेहरा.
मग हिशेब.

पावणेतीन. रेघ हिरवी.
नारखेड्यांचा फोन: "आला हो, आकडा पुरा आला!"
जरा थांबून: "पण भाव पडलाय."
त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

संध्याकाळी रिपोर्ट काढताना एक कॉल दिसला.
एक्स्टेंशन चौदा, सव्वासहा.
बावन्न सेकंद दोन्हीकडून कुणीच बोललेलं नाही.
गळती शून्य, उशीर नाही,
गुण चार पूर्णांक चार.
त्या दिवसातला सगळ्यात चांगला कॉल.
कुणाचा, ते मी शोधलं नाही.

अशा वेळी फोन स्वतःच थोडी खरखर तयार करतो,
खोटी, बारीक,
नाहीतर माणसाला वाटतं, लाइन गेली.
ट्रेनिंगमध्ये तिला दिलाशाचा आवाज म्हणायचे
आणि आम्ही हसायचो.

मी भुसावळला लावला.
डाव्या कानापर्यंत फोन न्यायला त्यांना वेळ लागतो.
"काय करू रायला?"
"काही नाही."
"मेल निघाली का?"
"निघाली. टायमावर."
मग तेही गप्प, मीही गप्प.

त्यांच्या मागून, लांबून, एक मालगाडी यायला लागली.
खोलीची भिंत यार्डाला लागून आहे,
ते तिच्यावर तळहात टेकून बसले असणार.
मी इकडे ठोके मोजत राहिलो,
कुणी फोन ठेवला नाही.

गाडी गेली.
"अठ्ठावन्न," ते म्हणाले.

मला सत्तावन्नच आले होते.